आयबानेझ टीएस ९, पहिली मालिका: दुरुस्ती आणि वापराच्या नोंदी

५ जुलै २०२५: टेबलावर घेताना

पेडल आयबानेझ टीएस ९ ट्यूब स्क्रीमर, गिटारचा आवाज 'फोडणारं' (ओव्हरड्राइव्ह), जपानी बनावटीचं. सर्किट निस्शिन ओन्पा या कंपनीत सुसुमु तामुरा यांनी रचलं, आणि नागोयाच्या होशिनो गाक्कीने ते आयबानेझ नावाने विकलं. निस्शिन स्वतःचा माल मॅक्सन नावाखाली काढायची. आधी टीएस ८०८ आलं, १९८२ पासून टीएस ९. १९८० च्या दशकाच्या मध्यावर हे बंद झालं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा काढलं गेलं. त्यामुळे बाजारात 'जुनं टीएस ९' म्हणून दोन्ही मिळतात. तळाच्या लेबलवर सीई (युरोपीय बाजाराची) खूण असेल तर ते पहिल्या मालिकेतलं नाही. खूण नसली म्हणजे मूळच आहे असं मात्र नाही, लेबल बदलता येतं. आतला बोर्ड पाहिल्याशिवाय जुन्याची किंमत मोजू नये.

तक्रारी अशा: बायपासमध्ये (इफेक्ट बंद असताना) आवाज नीट येतो, पण इफेक्ट चालू व्हायला तीन-चारदा दाबावं लागतं, ड्राइव्ह (आवाज किती फुटतो ते ठरवणारा नॉब) फिरवताना खरखर, अ‍ॅडॉप्टरवर हम (घूंघूं आवाज). बॅटरीचं प्लास्टिकचं झाकण गायब.

कामाचा नियम आधीच लिहून ठेवतो: मोजल्याशिवाय काही काढायचं नाही, आणि चालणारा मूळ भाग बदलायचा नाही. चाळीस वर्षांचा बोर्ड सोल्डरिंग गन फार वेळा सोसत नाही. एका बाजूलाच तांब्याचे ट्रॅक आहेत, भोकांच्या आत धातूचा मुलामा नाही. जास्त तापलं की डागाखालची (सोल्डरने जोडलेल्या जागेखालची) तांब्याची गोल पट्टी उचलली जाते, आणि मग एका रेझिस्टन्ससाठी ट्रॅक जोडत बसावं लागतं.

६ जुलै: उघडणी, बॅटरी क्लिप

तळाचे स्क्रू काढले. डोकी नरम असतात. नीट बसणारा फिलिप्स नंबर २ घ्यावा, वरून दाब देऊन फिरवावा. घट्ट बसलेल्या स्क्रूला आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं.

आधी फोटो, मग भिंगाखाली बोर्ड. मूळ डाग मंद, धुरकट दिसतात. नंतर कुणी हात घातला असेल तर तिथे चकाकी आणि फ्लक्सचा (सोल्डर धरावं म्हणून लावायच्या रसायनाचा) पिवळा थर असतो. इथे फक्त डीसी जॅकच्या एका वायरवर नवा डाग दिसला. आयसीजवळ (चिपजवळ) कुणी गेलेलं नाही. आयसी तोशिबाची टीए ७५५५८पी. पहिल्या मालिकेत ही सापडते, जेआरसी ४५५८डी सापडते आणि जेआरसी २०४३डीडीसुद्धा. म्हणजे आत ४५५८ नाही एवढ्यावरून 'चिप बदललेली आहे' असं म्हणता येत नाही.

बॅटरी क्लिपवर हिरवट-पांढरा थर. तो कशाने साफ करायचा हे बॅटरी कुठली गळली त्यावर ठरतं. अल्कलाइनमधून निघतं ते अल्कधर्मी, त्याला पांढरं व्हिनेगर. साध्या झिंक-कार्बनमधून निघतं ते आम्लधर्मी, त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी. कापसाच्या काडीने लावायचं, फेस थांबला की पाण्याने ओल्या काडीने पुसायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोर्डावर थेंब जाऊ द्यायचा नाही.

क्लिप साफ झाली तरी वायर वाचली नाही. गळती तांब्याच्या तारांमधून आवरणाच्या आत चढत जाते. टोकाचं आवरण सोललं तर तार काळी होती. अशा तारेला सोल्डर धरत नाही, कितीही फ्लक्स लावा. दीड सेंटीमीटर मागे कापल्यावर लाल वायर स्वच्छ निघाली, काळी आतपर्यंत काळीच. म्हणून क्लिप वायरींसकट बदलली. काळी वायर थेट ग्राउंडला जात नाही, इनपुट जॅकच्या मधल्या पत्तीला जाते. जॅक स्टिरिओ आहे, आणि गिटारची मोनो पिन आत गेली की ती पत्ती ग्राउंडला जोडली जाऊन पेडल सुरू होतं. पिन रात्रभर आत राहिली की बॅटरी संपते ती याच कारणाने.

१२ जुलै: पहिल्यांदा करंट

अनोळखी जुन्या पेडलला थेट ९ व्होल्ट देऊ नयेत. पॉझिटिव्ह वायरीत १०० ओहमचा, १ वॉटचा रेझिस्टन्स घातला आणि मल्टिमीटर त्याच्या दोन टोकांवर लावला. मीटरवर ०.७ व्होल्ट म्हणजे ७ मिलिअँपिअर, मनातल्या मनात हिशेब होतो. आत पूर्ण शॉर्ट असला तरी ९० मिलिअँपिअरच्या पुढे करंट जात नाही आणि रेझिस्टन्समध्ये ०.८ वॉटच उष्णता होते, म्हणून १ वॉटचा पुरतो. निरोगी टीएस ९ दहा मिलिअँपिअरच्या आत चालतं. इथे आकडा तसाच आला, एलईडी पेटल्यावर थोडा वाढला.

रेझिस्टन्स काढून व्होल्टेज घेतली. सप्लाय ९.१.

आयसीची पिन ८: ९.१. पिन ४: शून्य. बाकी सगळ्या पिनवर साडेचारच्या आसपास हवं. ते व्होल्टेज दोन १० किलोओहमच्या रेझिस्टन्सनी सप्लाय निम्मा करून तयार होतं आणि ४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरने स्थिर राहतं. इथे ४.०५ मिळालं. अर्धा व्होल्ट कमी. दोन्ही रेझिस्टन्स सारखे असतील तर उरतो कंडेन्सर. या दुभाजकाचा (दोन रेझिस्टन्सच्या जोडीचा) अंतर्गत रोध ५ किलोओहम, म्हणून अर्ध्या व्होल्टची घट म्हणजे ०.१ मिलिअँपिअर गळती. ४७ चा कंडेन्सर दोषी. आयसी बदलायला निघालेल्यांनी हा एक आकडा आधी बघावा.

इनपुट आणि आउटपुट बफरचे (सिग्नल कमजोर होऊ न देणाऱ्या टप्प्यांचे) २एससी१८१५ ट्रान्झिस्टर, त्यांच्या पायांपैकी एमिटरवर ३ व्होल्टच्या थोडं खाली. बेस या पायाला बायस (ट्रान्झिस्टर चालू ठेवणारं व्होल्टेज) ५१० किलोओहममधून मिळतो, त्यामुळे बेस करंटमुळेच तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो, शिवाय मीटर लावला की आणखी थोडा. बेसवर साडेचार दिसत नाहीत म्हणून ट्रान्झिस्टर गेला असं समजू नये. बायस दुरुस्त झाला की एमिटर ३.२–३.३ पर्यंत येईल.

हे दोन्ही बफर इफेक्ट बंद असतानाही सिग्नलच्या वाटेत असतात. म्हणून या पेडलला करंट नसेल तर बायपासमध्येही आवाज येत नाही. इथे बायपास स्वच्छ आहे, म्हणजे दोन्ही ट्रान्झिस्टर ठीक.

१३ जुलै: फूट स्विच

पायाखालच्या पत्र्याखाली छोटा पुश स्विच आहे. दाबला तेवढाच वेळ जोडणारा, दोन वायरींचा. ऑडिओ त्यातून जात नाही. तो फक्त फ्लिप-फ्लॉपला (दर इशाऱ्याला पालटणाऱ्या सर्किटला) इशारा देतो, आणि फ्लिप-फ्लॉप फेट (स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर) चालू-बंद करतो. म्हणून दोष शोधणं सोपं: पेडल चालू ठेवून स्विचच्या दोन टोकांना चिमट्याने क्षणभर टेकवायचं. दर वेळी एलईडी बदलला तर इलेक्ट्रॉनिक्स ठणठणीत, दोष स्विचचा. इथे दर वेळी बदलला.

स्विच दाबून मोजला तर कधी ३ ओहम, कधी ४००, कधी काहीच नाही. आतल्या पत्तीवर काळा थर चढलाय. दाबल्यावर जोड क्षणात दोनदा-तीनदा तुटला तर फ्लिप-फ्लॉप चालू होऊन लगेच बंद होतो, आणि वाजवणाऱ्याला वाटतं दाबलंच गेलं नाही. मग तो जोरात दाबतो. जोराने पत्ती वाकते आणि स्विच कायमचा जातो.

दांड्याच्या बाजूने कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब, पन्नासेक वेळा दाबणं, अर्धा तास वाळू देणं. त्यानंतर सलग १ ओहमच्या आत. स्विच तसाच ठेवला. पुन्हा बिघडला तर साधा 'नॉर्मली ओपन' मोमेंटरी चालतो. पण दांड्याची उंची मूळ स्विचएवढीच हवी. उंच असेल तर पत्र्याच्या वजनानेच दाबला जाईल, ठेंगणा असेल तर पत्रा आधी कडेला टेकेल. नेहमीचा गंज उडवणारा तेलकट स्प्रे इथे मारू नये. तेल राहतं, धूळ धरतं, आणि सहा महिन्यांत परत तेच.

१९ जुलै: ड्राइव्हची खरखर

खरखर दोन प्रकारची असते आणि दोन्हींचा उपाय वेगळा. एक धुळीची: फिरवताना तडतड, मध्येच आवाज तुटणं, ठरावीक जागी जास्त. दुसरी पॉटमधून (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टन्समधून) डीसी वाहत असल्यामुळे: एकसारखी, मंद, पेडल थंड असो वा गरम, तशीच.

तिन्ही पॉट (ड्राइव्ह ५०० किलोओहम, टोन २० किलोओहम, लेव्हल १०० किलोओहम) टर्मिनलजवळच्या फटीतून थोडं क्लीनर सोडून टोकापासून टोकापर्यंत फिरवले. टोन आणि लेव्हल लगेच गप्प. ड्राइव्हची तडतड गेली, पण शेवटच्या पाव फेऱ्यात मंद खसखस उरली.

ती साफ करून जाणार नाही, आणि तो दोषही नाही. ड्राइव्ह पॉट आयसीच्या फीडबॅकमध्ये (आउटपुटमधून इनपुटकडे परत जाणाऱ्या वाटेत) बसलेला आहे. आयसीच्या इनपुटला लागणारा बारीकसा करंट त्यातूनच जातो. ४५५८ वर्गातल्या आयसीत तो दहा-वीस नॅनोअँपिअरपासून शंभरच्या वर असू शकतो. ५१ किलोओहम अधिक ५०० किलोओहममध्ये त्याने काही दहा मिलिव्होल्ट तयार होतात. पिन १ आणि २ मधला फरक ड्राइव्ह शून्यावर नगण्य, पूर्ण उघडल्यावर २२ मिलिव्होल्ट. पट्टी सरकते तेव्हा हाच फरक ऐकू येतो. अनेक चांगले मूळ ड्राइव्ह पॉट एवढ्याशा खसखशीपायी कचऱ्यात गेलेत. वाजवताना कुणी ड्राइव्ह फिरवत नाही. राहू दे.

२० जुलै: कंडेन्सर

बदलले फक्त दोन: सप्लायचा १०० मायक्रोफॅरड आणि निम्म्या व्होल्टेजचा ४७ मायक्रोफॅरड. दोन्ही २५ व्होल्ट, १०५ अंशांचे, ६.३ मिलिमीटर व्यासाचे. गन ३२० अंश, ६०/४० चं कथील-शिसं सोल्डर. आधी जुन्या डागावर थोडं नवं सोल्डर घालायचं, म्हणजे तो एकसारखा वितळतो. मग सोल्डर विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी). एका डागावर तीन सेकंदांच्या वर नाही. निघाला नाही तर थांबायचं, गार होऊ द्यायचं, परत. कंडेन्सर ओढून काढायचा नाही.

काढलेला ४७ मीटरवर ३१ मायक्रोफॅरड आला आणि गळकाही निघाला. नवा बसवल्यावर मधलं व्होल्टेज ४.५४, एमिटर ३.२. अ‍ॅडॉप्टरवरचा हम बराच उतरला. त्याचं गणित असं: ५ किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरडची कटऑफ (जिच्यावरच्या लहरी दबत जातात ती सीमा) ०.७ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे अ‍ॅडॉप्टरमधून येणारी १०० हर्ट्झची लहर तिथे साधारण दीडशेपटीने कमी होते. कंडेन्सर सुकत जाईल तसा हा आकडा खाली येतो.

सिग्नलमधले इलेक्ट्रोलायटिक (दोन १ मायक्रोफॅरडचे बिनध्रुवी आणि आउटपुटचा १०) मोजले, ठीक निघाले, ठेवले. टोनच्या जागचे दोन ०.२२ मायक्रोफॅरडचे थेंबाच्या आकाराचे टँटलमही. टँटलम जातो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होतो, आणि मग टोन कंट्रोल मेल्यासारखा होतो किंवा मधलं व्होल्टेज कोसळतं. यातलं काही नाही. 'सगळे कंडेन्सर नवे' अशी जाहिरात केलेलं जुनं पेडल दिसलं की मला वाईट वाटतं. पैसे जुन्या आवाजाचे घेतले जातात आणि आत तो घडवणारे निम्मे भाग उरलेले नसतात.

२६ जुलै: चिप, आणि '८०८ करणं'

टीएस ९ हातात आलं की बहुतेक जण दोन गोष्टी करतात: आयसी काढून जेआरसी ४५५८डी, आणि आउटपुटचे दोन रेझिस्टन्स बदलून ८०८ सारखे. दोन्ही न करण्याचं ठरवलं. कारणं सविस्तर लिहितो, कारण यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

आधी सर्किट. पहिल्या भागात फीडबॅकमध्ये दोन सिलिकॉन डायोड उलट-सुलट, मूळ मालात एमए१५०. सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला की ते वाहू लागतात आणि गेन (सिग्नलची वाढ) उतरतो. ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड मिळून ७२० हर्ट्झची सीमा ठरवतात. त्याखालच्या सुरांना गेन कमी कमी मिळत जातो. म्हणून या पेडलचा खर्ज विरघळत नाही, मधला भाग पुढे येतो. ड्राइव्ह शून्यावर गेन १२ पट, पूर्ण उघडल्यावर ११८ पट, म्हणजे ४१ डेसिबल. ५१ पिकोफॅरडचा कंडेन्सर पूर्ण ड्राइव्हला साडेपाच किलोहर्ट्झच्या वर तीक्ष्णपणा कापतो. शिवाय हा भाग नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा न करणारा) आहे, त्यामुळे डायोडनी कापलेल्या आवाजाबरोबर मूळ स्वच्छ सिग्नलही बाहेर येतो. पिकची (तार छेडायच्या पट्टीची) हालचाल टिकते ती यामुळे. आवाजाचं व्यक्तिमत्त्व या पाच-सहा भागांत आहे.

आयसीचं काम गेन देणं. ४५५८ ची बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झ, ११८ गेनला ती पंचवीस किलोहर्ट्झ उरते. गिटार आणि स्पीकर त्याच्या बरेच खाली थांबतात. टीए ७५५५८ त्याच घराण्यातली. फरक असेलच तर गोंगाटाच्या पातळीत. तो तपासायचाच असेल तर दोन पेडलचं लेव्हल मीटरने जुळवून, नॉब झाकून ऐकावं. अर्धा डेसिबल मोठं असलेलं पेडल नेहमी 'गरम' वाटतं.

दुसरीकडे धोका खरा आहे. आठ डाग, एकतर्फी जुना बोर्ड. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असो, पुण्याच्या पासोड्या विठोबाला असो किंवा ऑनलाइन, जुनी जेआरसी ४५५८डी म्हणून छाप घासून पुन्हा छापलेले आयसी सर्रास मिळतात. आयसी खरोखर मेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तिचे आठ पाय कटरने कापून एकेक काढावे, सॉकेट बसवावं आणि आताच्या उत्पादनातली एनजेएम ४५५८डी घ्यावी. ती स्वस्त आहे आणि खरी मिळते.

आता आउटपुट. टीएस ९ मध्ये सिग्नलच्या वाटेत ४७० ओहम आणि ग्राउंडला १०० किलोओहम. ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० किलोओहम. पुढे १ मेगाओहम इनपुटचा व्हॉल्व्ह अँप असेल तर दोन्हींत ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही. पुढे १० किलोओहम इनपुटचं जुनं फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) असेल तर ४७० ओहमने ०.४ डेसिबल पडतं, १०० ओहमने ०.१ च्या खाली. एवढाच हा फरक, आणि तो लेव्हल केसभर फिरवून भरून निघतो. टीएस ९ जे आहे ते छान आहे. त्याला ८०८ चा वेश देऊ नये.

२ ऑगस्ट: अँपवर

व्हॉल्व्ह अँप आधीच फुटण्याच्या बेतात असेल तर ड्राइव्ह घड्याळातल्या ८–९ च्या जागी, टोन १२ ला, लेव्हल ३ ला. फोडण्याचं काम अँपकडे, पेडल त्याला ढकलतं. स्टीव्ही रे व्हॉनच्या पायाखाली ८०८, ९ आणि १० अशी ट्यूब स्क्रीमर होती, आणि समोर मोठ्याने वाजणारे अँप. घरच्या छोट्या अँपवर तो आवाज शोधणाऱ्यांनी समीकरणाची ही दुसरी बाजू लक्षात घ्यावी.

आपल्याकडे बहुतेकांकडे असतो तो ट्रान्झिस्टरचा लहान अँप. तो ढकलून फुटत नाही, नुसता मोठा होतो. तिथे ड्राइव्ह १ ते २, लेव्हल बायपासच्या किंचित वर, टोन १० ते ११. अँपचा मिड थोडा खाली, बास थोडा वर. पेडलने कापलेला खर्ज तिथे भरून येतो.

हाय-गेन अँप आणि हंबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) जड रिफ वाजवायचे असतील तर उलट: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. ७२० हर्ट्झखालचा भाग अँपच्या गेनआधीच आवरला जातो आणि पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले सूर) घट्ट लागतात.

क्रम: जर्मेनियम फझ असेल तर ते टीएस ९ च्या आधी. टीएस ९ चा बफर बंद असतानाही चालू असतो, आणि फझला गिटारचं पिकअप थेट हवं असतं. वॉ आधी, डिले-रिव्हर्ब नंतर.

१० ऑगस्ट: करंट कुठून द्यायचा

अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट डीसी, मधली पिन निगेटिव्ह, बाहेरचं कडं पॉझिटिव्ह. राउटरचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके उलट असतात आणि त्यांची पिन जॅकमध्ये बसतेही. लावण्याआधी मीटरने बघावं.

ट्रान्सफॉर्मरचे जुने अनरेग्युलेटेड अ‍ॅडॉप्टर ९ चे म्हणून विकले जातात आणि रिकामे असताना १३–१४ व्होल्ट देतात. या पेडलचा भार नगण्य, म्हणजे आत जवळजवळ तेवढेच पोचतात. जुन्या कंडेन्सरवर छापलेली मर्यादा वाचल्याशिवाय असा अ‍ॅडॉप्टर लावू नये. १८ व्होल्ट देऊन 'हेडरूम' (आवाज फुटण्याआधीची मोकळीक) वाढवण्यालाही इथे अर्थ नाही. सिग्नल डायोडशी कापला जातो, सप्लायशी नाही. त्याच कारणाने बॅटरी साडेसातवर उतरली तरी आवाज फारसा बदलत नाही.

हम उरलाच तर बॅटरीवर वाजवून बघायचं. बॅटरीवर गेला तर अ‍ॅडॉप्टर. बॅटरीवरही राहिला आणि गिटार वळवल्यावर कमी-जास्त झाला तर सिंगल कॉइल पिकअप. दोन्ही नाही तर भिंतीतलं अर्थिंग तपासून घ्यायचं; जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसरी वायर कुठेच जात नाही. शिट्टीसारखा बारीक आवाज म्हणजे डिजिटल पेडल आणि हे एकाच साखळीवर आहेत. त्यांना वेगळं, आयसोलेटेड आउटपुट द्यावं.

डीसी जॅकवरचा तो नवा डाग इथे लागला: कोरडा होता, पिन हलवली की करंट तुटायचा. पुन्हा घेतला.

३० ऑगस्ट: पावसाळ्यात ठेवणं

महिनाभराच्या वापरानंतर पुन्हा मोजलं. मधलं व्होल्टेज ४.५३, स्विच १ ओहमच्या आत, जॅक घट्ट. इनपुट जॅकच्या पत्तीवर मात्र निस्तेज डाग दिसू लागलेत. किनाऱ्यावर, मुंबई-रत्नागिरीकडे, खारट हवेने हे आणखी लवकर होतं. क्लीनर लावलेली पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली, पुरलं.

बॅटरी काढली. झाकण बदली मिळेपर्यंत तिथे कापडी टेप. स्पंज कोंबू नये, तो ओल धरतो आणि वर्षानुवर्षांनी चिकट होऊन धातू खातो. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या दोन पुड्या, महिन्यातून एकदा काढून वाजवणं. वापरातला स्विच आणि पॉट स्वतःची पट्टी घासून साफ ठेवतात. कपाटात पडलेले काळे पडतात.

काढलेले दोन कंडेन्सर आणि जुनी बॅटरी क्लिप चिठ्ठी लावून त्याच डब्यात ठेवली. चिठ्ठीवर तारीख, मोजलेली व्होल्टेज आणि बदललेल्या भागांची नावं. राहिलेलं काम एकच: बॅटरीचं झाकण.